सरूकाकूंचा पाव्हणा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. कुणाविषयी काही लिहावं आणि ते लोकांना वाचायला द्यावं, असं तर आमच्याकडं कुणाच्या मनातही आलं नसेल. ज्यांच्याविषयी लिहितोय त्या सरूकाकू माझ्या नात्यातल्या नाहीत. मुकुंदवाडीत त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी कॉलेजची वर्षं भाड्यानं राहिलो, एवढाच संबंध. त्यांच्याविषयी बोलायचा हक्क त्यांच्या लेकीचा आहे, माझा नाही. आमचे मराठीचे सर सांगायचे की रागात लिहू नये, राग उतरला की लिहावं. मी थांबून पाहिलं. उतरला नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

खोली बघायला वडील आणि मी गेलो होतो. आम्ही लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातले. लोखंडी फाटक ढकललं तर आतून बाईचा करडा आवाज आला, "पाव्हणं, तंगड्या आवरा जरा! माणसं आलीत, वाट सोडा."

वडील माझ्या कानाशी म्हणाले, "जावई आल्याला दिसतोय. पाया पड बरं का."

पायरी चढून बघतो तर ओट्यावर मधोमध एक कुत्रा पसरलेला. विटकरी रंग, पाट्यासारखं रुंद डोकं, भरल्या पोत्यासारखी छाती. वडील जागेवर थिजले. कुत्रा सावकाश उठला, आळस दिला आणि त्यांच्या पायजम्याला नाक लावून हुंगू लागला. तो हुंगत होता तोवर वडील डोळे मिटून, हात जोडून उभे होते.

"अवो, हात काय जोडता? मारुती न्हाई त्यो," काकू दारातून म्हणाल्या. "कुत्रं हाय."

हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं बोलणं. पुढं हेच त्या निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या आवाजात सांगत राहिल्या. कुणी ऐकलं नाही.

काकू साठीच्या पुढच्या, उंच, काटकुळ्या. चिकलठाण्याच्या बाजूला त्यांच्या सासरची जमीन होती. ती प्लॉटिंगमध्ये गेली, मालक वारले, एकुलती एक लेक जालन्याला दिली. उरलं हे घर. आणि राग. राग त्यांना सकाळी नळ यायच्या आधीच यायचा. नळावर, भाजीवाल्यावर, टीव्हीतल्या रडणाऱ्या बायांवर, माझ्यावर. मायासुद्धा त्या रागावूनच करायच्या. मी पुस्तक घेऊन जिन्यात बसलो की खालून ओरडायच्या, "जेवलास का? का उपाशी मरून मपल्या घराला नाव ठिवायचंय?" आणि ताट वर यायचं. ताटात भाकरी जास्तच असायची.

कुत्र्याला मात्र त्या अहोजाहो करायच्या. रोज सकाळी ओटा झाडायच्या आधी झाडू आपटून म्हणायच्या, "उठा पाव्हणं, लोकायची कामाला जायची येळ झाली." पाहुणे कुशीवर वळायचे. "झोपा, झोपा. तुमाला कुठं हजेरी लावायची!"

तो पाहुणा कसा झाला, त्याची गोष्ट अशी. काकूंच्या दिराचा मुलगा विक्की. जमिनीचा पैसा त्याच्याही वाट्याला आला होता. त्यातून आधी पांढरी गाडी आली, मग गळ्यात साखळी आली, मग पिटबुलचं पिल्लू आलं. तेव्हा शहरात तेच चाललं होतं. ज्याच्याकडं पिटबुल त्याचा रुबाब. विक्कीनं त्याचं नाव ठेवलं रॅम्बो. पण जालना रोडच्या फ्लॅटमध्ये त्याच्या बायकोनं साफ सांगितलं की घरात एक तर हा राहील नाही तर मी. मग विक्की पिल्लू घेऊन काकूंकडं आला. "मोठ्याई, दोन दिवस ठेव फक्त. पाहुणा समज." ते दोन दिवस कधी संपले नाहीत. विक्की यायचा, पण रील काढण्यापुरता. गाडीच्या बॉनेटवर कुत्रा बसवायचा, काळा गॉगल लावायचा, मागं गाणं वाजवायचा आणि निघून जायचा.

"पाव्हणा म्हणून आणून सोडलं ना त्यानं?" काकू म्हणायच्या. "मंग पाव्हणाच. अन् दारात आल्याला पाव्हणा मपल्या सासूनं कवा हाकलला न्हाई, म्याबी हाकलणार न्हाई."

मी राहायला गेलो तेव्हा हा पाहुणा आमच्या गल्लीचा मान होता. स्टेशनवरून रिक्षावाल्याला पत्ता सांगायची गरज पडायची नाही. "पिटबुलवाली गल्ली ना? बैठो भाई," असं तोच म्हणायचा. शाळेतली पोरं फाटकाबाहेर उभी राहून सेल्फी काढायची. समोरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले जोशी सर राहायचे. ते फोनवर नातेवाइकांना सांगायचे, "आमच्या गल्लीत चोर फिरकत नाही हो, आमच्याकडं वाघ आहे."

आणि वाढदिवस. आमच्या शहरात चौकात फ्लेक्स लागला नाही तर माणसाचा वाढदिवस झाला असं कुणी धरत नाही. तसा विक्कीनं रॅम्बोचा लावला. गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंवर, घराएवढा. कुत्र्याच्या डोक्यावर कॉम्प्युटरनं मुकुट बसवलेला, मागं ज्वाळा, जबडा होता त्याहून मोठा केलेला. 'एरियाचा एकच वाघ, रॅम्बोशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली गोल-गोल फोटोंत शुभेच्छुक. त्यांत विक्कीचा फोटो कुत्र्याच्या खालोखाल मोठा. एका गोलात जोशी सरही होते.

काकू कमरेवर हात ठेवून त्या फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या. "ज्वाळा कामून लावल्या रे मागं? पेटलंय का त्यो?" पोरं हसली. "काकू, भाई का शेर है." काकू भडकल्या, "शेर असता तर पैल्या दिशी तुमालाच खाल्लं असतं. लई हसू नका. कुत्रं हाय ते. कुकरच्या शिट्टीला भेतंय."

ते खरं होतं. शिट्टी झाली की तो मोरीत जाऊन बसायचा. पण काकू त्याला गरीब गायही म्हणायच्या नाहीत. एकदा त्यानं मागच्या घरची कोंबडी मारली. काकूंनी लपवालपवी केली नाही. स्वतः जाऊन सांगून आल्या, आणि त्या दिवसापासून फाटक उघडायच्या आधी त्याला साखळी असायचीच. मला म्हणाल्या, "लई लाड करायचे न्हाईत अन् लई भ्यायचं न्हाई. दात हायेत त्याला, एवढं ध्यानात ठिवायचं. माणसायचंबी तेच असतंय."

काकूंचा एकही धड फोटो नव्हता. लेकीनं मला फोन करून सांगितलं होतं, आईचा एक तरी काढून पाठव. काकू ऐकेनात. "फोटू मेल्यावर लावत्यात. आताच कामून?" मी पाठ सोडली नाही. शेवटी एका सकाळी ओट्यावर बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "एकटीचा नगं. पाव्हण्यालाबी घे. त्या फ्लेक्सवर येड्यावानी मुकुट घालून बसवलंय बिचाऱ्याला. एक तरी खरा असू दे." तो शेजारी येऊन बसला. त्यांनी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मोबाइलकडं रागानं बघितलं. मी फोटो काढून लेकीला पाठवला. त्यानंतर त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नाही.

मग वारं फिरलं. दुसऱ्या कुठल्यातरी शहरातला व्हिडिओ आला, पिटबुलनं लहान मुलाला फाडल्याचा. मग दुसरा. मग टीव्हीवर लाल अक्षरं. मग सरकार या जातीवर बंदी आणणार, आणली, थांबवली, अशा बातम्या. त्या घटना खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. ज्यांची मुलं गेली त्यांना काय सांगणार? मी मोबाइलवर वाचत बसायचो. कुठं लिहिलेलं असायचं की पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठीच ही जात पैदा केली. कुठं लिहिलेलं असायचं की परदेशात एके काळी घरोघरी पाळायचे. मला त्यातलं फार कळलं नाही. एवढंच दिसलं की आमच्या गल्लीतला कुत्रा होता तसाच होता, आणि त्याच्याकडं बघणारे बदलले होते. जोशी सर घरपोच सामान मागवताना पत्ता सांगू लागले, "मंदिरापासून दुसरी गल्ली."

अशा दिवसांतही विक्कीनं पुढचा वाढदिवस केलाच. उलट आता त्याला जास्त हौस. लोक घाबरतात म्हटल्यावर रील जास्त चालतं. संध्याकाळी तो कुत्र्याला न्यायला आला.

"मोठ्याई, पाच मिनिटं. केक कापतो, लगेच आणून सोडतो."

"गोंधळ करायचा न्हाई."

"नाय गं."

"फटाके?"

"नाय म्हटलं ना. मपला विश्वास नाय का?"

चौकात डीजे उभा होता. मी बाजूला उभा राहून बघत होतो. कुत्र्याला टेबलावर चढवलं. विक्कीच्या एका दोस्तानं पट्टा आवळून धरला. कुणीतरी मूठभर गुलाल सरळ त्याच्या तोंडावर मारला. तो डोकं झटकू लागला, तेवढ्यात पायाशी फटाक्यांची माळ लागली. त्यानं पट्टा धरणाऱ्याचा हात धरला. धरला म्हणजे चावला. चांगलाच चावला. सोडेना.

काकू अनवाणी पळत आल्या. त्यांनी त्याला मारलं नाही, ओढलं नाही. पदर सोडून त्याच्या तोंडावरून, डोळ्यांवरून टाकला आणि त्याला कवेत धरून बसल्या. डोळ्यांपुढं अंधार झाल्यावर त्यानं जबडा सोडला. मग त्या पोराचं मनगट पकडून त्याला नळाखाली नेलं आणि साबणानं कितीतरी वेळ धूत राहिल्या. पोरगं रडत होतं, काकू ओरडत होत्या. "रडू नगं! चावलं ना? चावणारच. डोळ्यात गुलाल अन् कानात फटाकं घातल्यावर तू काय आरती म्हणला असतास का? हालू नगं, हात धर सरळ. सुई घेतल्याबिगर घरी जायचं न्हाई." पोरगं हुंदके देत म्हणालं, "काकू, सॉरी." त्याला टाके पडले, तो बरा झाला. त्यानं कधी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती बाकीच्यांनी. विक्कीनं दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला. गुलाल कापलेला, माळ कापलेली. फक्त जबडा आणि हात. खाली लिहिलेलं, 'पिटबुलचा जीवघेणा हल्ला, कमजोर काळजाच्यांनी बघू नये.' ज्या खात्यावर 'भाई का शेर' होतं त्याच खात्यावर. शेर दाखवून बघणारे मिळवले, राक्षस दाखवून त्याहून जास्त मिळवले. हे लिहितानाही माझे हात तापतात.

मंदिराच्या ओट्यावर गल्लीची बैठक झाली. ज्यांचे चेहरे फ्लेक्सवर गोलात होते तेच सगळे समोर बसलेले. "हाकला", "महापालिकेला द्या", "इंजेक्शन द्या". काकू मधोमध उभ्या.

"कुत्र्यानं चावलं. मी न्हाई म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर चावलं कामून, ते बोला की कुणीतरी. तुमी समदे तिथंच नाचू राहिले व्हते."

जोशी सर उठले. "काकू, मी भांडायला आलेलो नाही. माझी नात इथंच खेळते. मला खरंच झोप येत नाही."

काकू एकदम मऊ झाल्या. "तुमचं खरंय, सर. लेकराची भीती असतीच. मी त्याच्या तोंडाला जाळी शिवून घेते. जाळीबिगर अंगणातबी सोडणार न्हाई. फाटकाला कुलूप लावते. मंग तर झोपसाल?" सरांनी मान डोलावली.

मागून एक पोरगा ओरडला, "काकू, राक्षस आहे तो, राक्षस!"

काकू गर्रकन वळल्या. "काल वाघ, आज राक्षस! अरे, एकदा तरी कुत्रं म्हणा ना त्याला! कुत्रं म्हणलं का दोन भाकरी, एक साखळी अन् जरा नजर, एवढंच लागतंय. तुमाला ते नगं हाय. तुमाला तमाशा पायजे."

त्यांनी शब्द पाळला. स्टेशनजवळ चपला शिवणाऱ्याकडून चामड्याच्या पट्ट्यांची मुसकी बनवून घेतली. माप म्हणून आपली वीत दाखवली. पाहुणा ती घालून घेईना. मग काकूंनी एक युक्ती केली. मुसकीत आत गुळाचा खडा ठेवायचा आणि ती त्याच्यापुढं धरायची. तो गुळासाठी तोंड आत घालायचा. काही दिवसांत सवय अशी झाली की खिळ्यावरून मुसकी काढली तरी शेपूट हलवत यायचा आणि आपणहून तोंड घालायचा. काकू पट्टा आवळताना पुटपुटायच्या, "घाला पाव्हणं, घाला. लोकायला भेव वाटतंय. थोडे दिस. इसरत्याल समदे."

पण मुसकी बघून लोकांची भीती वाढली. आधी जे फाटकाजवळून जायचे ते आता लांबून जायला लागले. "बांधून ठेवावं लागतं म्हणजे बघा," असं मी स्वतः ऐकलं. अंगणात दगड पडू लागले.

आणि मग काकू लेकीकडं जालन्याला गेल्या. नातवाला ताप होता. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी घालायचं काम माझ्याकडं होतं. मी कॉलेजात असताना दुपारी विक्की आला. फाटकाची दुसरी किल्ली घरातलाच म्हणून त्याच्याकडं होतीच. कुत्र्याला तो ओळखीचा. मी आलो तर ओटा रिकामा आणि खिळाही रिकामा. विक्कीला फोन केला. "फार्महाउसवर ठेवलाय रे, लासूरकडं. मजेत आहे. मोठ्याईला सांगू नको आत्ताच, टेन्शन घेईल." मी त्याच मिनिटाला काकूंना फोन लावला. फोन ठेवून त्या मिळेल त्या गाडीनं परत आल्या.

गल्लीच्या तोंडाशी तोवर त्याच दोन बांबूंवर नवा फ्लेक्स चढला होता. 'आपली गल्ली सुरक्षित केल्याबद्दल विक्कीभाऊंचे जाहीर आभार.' निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं, हे गल्लीला ठाऊक होतं. काकू फ्लेक्सखालून गेल्या, पण वर बघितलं नाही.

लासूरकडचा मुलूख माझ्या पायाखालचा, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. मुकुंदवाडीहून पॅसेंजर धरली. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी. लासूरला उतरून मी वडिलांची मोटारसायकल आणली, काकूंना मागं बसवलं आणि फार्महाउस गाठलं. तिथला राखणदार म्हणाला, "कुत्रं? हितं न्हाई आलं कोन्तं कुत्रं." विक्कीला फोन केला. तो म्हणाला, "अगं, रस्त्यात गाडीतून उडी मारली त्यानं. मी काय करू?"

मग आम्ही रस्त्यावरच्या गावांत विचारत फिरलो. काकू बांधावर उतरून हाका मारायच्या, "ओ पाव्हणं! पाव्हणं हो!" एका शेतातला म्हातारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बोला की बाई, कुणीकडचे तुमी?" मला त्याही स्थितीत हसू आलं. काकूंना नाही आलं.

एका फाट्यावर चहाची टपरी होती. तिथल्या माणसाला मी विचारलं. तिशीतला, हसतमुख. त्याला वाटलं आम्हाला गंमत ऐकायची आहे.

"पिटबुल ना? आलं व्हतं की! आख्खं गाव गोळा झालं. शाळा सुटायची येळ, लेकरं रस्त्यावर. आमी लगेच वळखलं, मोबाइलवर बघितल्यालं ना."

"कुणाला चावलं का?" काकूंनी विचारलं.

"चावतंय कसं? तोंडाला चामड्याचं बांधल्यालं. आमी म्हणलं, बांधलंय म्हंजी किती डेंजर असंल! सारखं हौदाकडं जायचं, तोंड पाण्यात घालायचं अन् बाहेर काढायचं. पिता यीना त्याला."

"मंग?"

"मंग काय मावशी, काठ्या."

"पळालं न्हाई?"

"न्हाई ना! तेच नवल. माणसाकडंच यायचं. शेपूट हालवीत यायचं. आमाला वाटलं अंगावर येतंय."

मला त्या माणसाला मारावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू. काकूंनी माझा दंड धरला.

"तुमी तरी काय करसाल," त्या त्याला म्हणाल्या. "लेकरं व्हती रस्त्यावर. तुमाला जे दावलं तेच तुमी बघितलं." मग म्हणाल्या, "ते चामड्याचं कुठं हाय?"

ते टपरीच्याच खांबाला लटकावलेलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. काकूंनी ते काढून घेतलं. आता त्या माणसाच्या लक्षात आलं. तो चहा आणू का म्हणाला, पाणी आणू का म्हणाला, मग नुसताच उभा राहिला. काकूंनी फडक्यातल्या भाकरी सोडल्या आणि टपरीजवळच्या गावठी कुत्र्यांना घातल्या. शेवटचा तुकडा टाकेपर्यंत त्या तिथंच बसून होत्या.

परतीच्या गाडीत मुसकी मांडीवर ठेवून त्या एकच वाक्य बोलल्या. "गूळ ठिवून शिकवलं मी त्याला. त्या विक्कीपुढंबी हसतहसत घातलं असंल तोंड."

पुढच्या आठवड्यात विक्की आला. काकू फाटकाला आतून कुलूप लावून उभ्या. मी जिन्यात होतो.

"मोठ्याई, आत तर येऊ दे."

"ह्या दारात पाव्हण्याला मी कवा अडवलं न्हाई," काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि त्यांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "तू पाव्हणा न्हाईस. आजपसून घरचाबी न्हाईस."

"अगं, एका कुत्र्यासाठी?"

काकू गजांना धरून पुढं वाकल्या. "व्हय. कुत्र्यासाठी. आज म्हणलास बघ कुत्रं. इतक्या दिसांनी."

विक्की बाहेरच्या बाहेर गेला. पुन्हा ते फाटक त्याच्यासाठी उघडलं नाही.

जोशी सर एकदा ओट्यावर येऊन बसले होते. पुढ्यातला चहा तसाच गार झाला. मग म्हणाले, "काकू, मी जाळीवर राजी होतो. हाकला म्हटलं नव्हतं मी. आता तो नाही, तरी मला झोप येत नाही." काकूंनी त्यांचा चहा परत गरम करून आणला. सरांवर त्या कधी रागावल्या नाहीत. माझा सरांवरचाही राग पुरता गेलेला नाही, पण काकूंचा न्याय माझ्यापेक्षा मोठा होता.

त्यानंतर त्यांचा रोजचा राग आटला. नळावर ओरडणं बंद झालं. सकाळी झाडू आपटल्याचा आवाज यायचा आणि पुढं काहीच नाही. मला त्या शांततेची धास्ती वाटायची. मी मुद्दाम न जेवता जिन्यात बसून बघायचो. ताट यायचं, शिवी यायची नाही.

पदवी झाली आणि मला पुण्याला प्रवेश मिळाला. निघताना पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी रागावल्या. "जेवत जा, काडी झालास. अन् आईक, उद्या लई शिकून मोठा झालास तरी त्या बांबूवर चढू नगं. चढलास तर मपलं तोंड दिसायचं न्हाई तुला."

बातमी मला उशिरा कळली. कुणी फोन केला नाही. भाडेकरू पोराला कोण कळवणार? गल्लीचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप माझ्या मोबाइलवर अजून आहे, त्यावर एक फोटो आला. त्याच गल्लीचं तोंड, तेच दोन बांबू. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' काकूंचा दहावासुद्धा होऊन गेला होता. खाली 'शोकाकुल' लिहून विक्कीचं नाव, काकूंच्या नावाहून मोठ्या अक्षरांत, आणि त्याचा हात जोडलेला फोटो. शेजारच्या गोलांत पुन्हा तेच सगळे.

वर काकूंचा फोटो आहे. मी काढलेला. दुसरा नव्हताच, लेकीकडून मागून घेतला असणार. पदर नीट केलेला, नजर रागीट. मागचा ओटा पुसून तिथं निळं आभाळ आणि ढग भरलेत. शेजारी कुणी नाही. उजवा हात मात्र ते कापायला विसरले. तो आभाळात कशावर तरी ठेवलेला आहे.